कमी उजेडाच्या खोलीतली झाडं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. घरात ऊन येत नाही, झाडांकडे बघायला वेळ नाही, तरी कोपऱ्यात काहीतरी हिरवं हवं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमची खोली तळमजल्यावर आहे. एकच खिडकी, तीही चाळीच्या गॅलरीत उघडते. ऊन कधीच आत येत नाही. नर्सरीवाला प्रत्येक झाडाला "इनडोअर आहे, चालेल" म्हणतो आणि दोन महिन्यांत झाड झडतं. नेमकं काय घ्यावं? (गिरगाव, मुंबई)

उत्तर : नर्सरीतल्या 'इनडोअर' शब्दावर फार विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच, की त्या झाडाला थेट ऊन नको. अंधार चालतो, असं त्यात कुठेही नाही. तेव्हा झाड निवडण्याआधी उजेड मोजा. फोनवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजायचं फुकट अॅप मिळतं. सकाळी अकराच्या सुमारास घरातले सगळे दिवे बंद करा आणि झाडाचं पान जिथे येईल बरोबर तिथे फोन धरा. सेन्सर बहुधा पुढच्या कॅमेऱ्याच्या शेजारी असतो, त्यामुळे स्क्रीनची बाजू खिडकीकडे करायची. फोनाफोनांत आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण आपल्याला 80 आहे की 800, एवढंच कळायला हवंय.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. भर उन्हात उघड्यावर साधारण 1 लाख लक्स असतात. समोर आकाश दिसत असेल तर खिडकीच्या कट्ट्यावर 2 ते 5 हजार. त्याच खिडकीपासून दोन मीटर आत गेलं की 200 ते 400. आपल्या डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच उजळ वाटतात, कारण बाहुली लहानमोठी होऊन फरक भरून काढते. झाडाला ती सोय नाही.

100 लक्सच्या खाली कोणतंही झाड ठेवू नका, ते फक्त हळूहळू मरतं. 100 ते 250 मध्ये झेडझेड आणि स्नेक प्लांट तग धरतात. तगच धरतात, वाढत नाहीत. वर्षाला एखादं पान आलं तरी नशीब. 250 ते 500 मध्ये हिरवा अॅग्लोनिमा आणि साधा हिरवा मनीप्लांट जमतो. 500 च्या पुढे सिंगोनियम, पीस लिली, स्पायडर प्लांट, ड्रेसिना यांचा विचार करा. लाल-गुलाबी पानांचे अॅग्लोनिमा आणि पांढरे पट्टे असलेलं काहीही 1000 च्या आत घेऊ नका. रंग सगळा उडतो आणि पैसे वाया जातात.

फोन नसेल तर जुनी परीक्षा आहे. कुंडी ठेवायची त्या उंचीवर डोळे आणून बसा. तिथून आकाशाचा छोटासा तुकडा जरी दिसला, तरी जागा बरी. नुसती समोरची भिंत दिसत असेल तर ती जागा फक्त झेडझेडची. आणि एकदा मोजून थांबू नका, जुलैत पुन्हा मोजा. ढगाळ दिवसांत तोच आकडा निम्म्याहून खाली येतो. मार्चमध्ये छान वाटलेली जागा पावसाळ्यात का बिघडते, ते तेव्हा कळेल.

तुमच्याकडे गॅलरीतून येणारा उजेड 150 च्या आसपास असावा. सहा इंची कुंडीतलं एक झेडझेड खिडकीच्या काठाला लावून ठेवा आणि तेवढ्यावर थांबा. खिडकीला डासांची जाळी असेल तर ती महिन्यातून एकदा धुवा. धूळ बसलेली जाळी बराच उजेड खाते.

प्रश्न : झेडझेडला म्हणे काहीच लागत नाही. आम्ही एक दिवसाआड फक्त एक कप पाणी घालतो, तरी दांडे पिवळे पडून बुडाशी मऊ झालेत. ओढलं तर हातात येतात. खत कमी पडलं का? (नाशिक)

उत्तर : खताचा काही संबंध नाही, पाणी जास्त झालंय. या झाडाच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि दांडेही मांसल असतात. मूळचं ते पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं. पाऊस पडेल तेव्हा पाणी साठवायचं आणि मग महिनोन्‌महिने त्यावर काढायचे, ही त्याची रीत. त्यात खोलीत उजेड कमी. उजेड कमी म्हणजे अन्न कमी तयार होतं, वाढ थांबते आणि मुळं पाणी ओढतच नाहीत. मग दिवसाआडचा तो कपभर ओलावा कुंडीत तसाच राहतो, मातीतली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि बुरशी धरते. थोडंथोडं घातलेलं पाणी जास्त घातक, कारण वरची माती कोरडी दिसते आणि तळाशी चिखल असतो.

झाड वाचू शकतं, पण आजच काम करावं लागेल. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा. माती हलक्या हाताने झाडा, उरलेली नळाखाली धुवा. आता प्रत्येक कंद बोटाने दाबून बघा. चांगला कंद कच्च्या बटाट्याइतका घट्ट, आतून पांढरट असतो. कुजलेला दबतो, तपकिरी पाणी सुटतं आणि वास येतो. सुरीचं पातं स्पिरिटने पुसून मऊ भाग कापत जा, पांढरा घट्ट गर लागेपर्यंत. प्रत्येक कापानंतर पातं पुन्हा पुसा. काळी पोकळ मुळंही काढून टाका. मग कंद वर्तमानपत्रावर सावलीत दोन दिवस उघडे ठेवा, काप वरून सुकले पाहिजेत. हळद किंवा दालचिनीची पूड लावायची असेल तर लावा, पण खरं काम सुकवण्याचं आहे. ते टाळून नुसती पूड लावली तर उपयोग नाही.

नवी कुंडी उरलेल्या कंदांपेक्षा जेमतेम इंचभर रुंद असावी. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती उगाच ओली राहते. सहा इंची कुंडीला साधारण दोन लिटर मिश्रण लागतं. स्वयंपाकघरातल्या 200 मिलीच्या वाटीने मोजा : लाल माती 4 वाट्या, चण्याएवढे विटांचे तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) 4 वाट्या, भिजवून पिळलेलं कोकोपीट 2 वाट्या, गांडूळखत 1 वाटी. विटांचा चुरा चाळून घ्या. बारीक भुकटी राहिली तर तीच भोकं बुजवते.

तळाला खडीचा थर मुळीच देऊ नका. निचरा वाढतो असा समज आहे, प्रत्यक्षात उलटं होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडून बसतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवली की पुरे, तीही माती गळू नये म्हणून.

लावल्यावर सात दिवस पाणी नाही. त्यानंतर नियम सोपा. बांबूची काडी तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी आली तर एकदाच, भोकातून वाहेपर्यंत घाला, सुमारे अर्धा लिटर. पंधरा मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून टाका. तुमच्याकडे हे बहुधा तीन-चार आठवड्यांनी येईल, पावसाळ्यात पाच-सहा. पहिले तीन-चार महिने नवीन काही दिसणार नाही. झाड आत मुळं धरत असतं, उपटून तपासू नका.

गळून पडलेल्या पानांतली हिरवी, टणक पानं फेकू नका. देठाकडचा अर्धा इंच ओलसर रेतीत खोचून ठेवला की दोन-तीन महिन्यांत तळाशी वाटाण्याएवढा कंद धरतो. त्यातून कोंब वर यायला मात्र वर्षसुद्धा लागतं.

प्रश्न : बाथरूममध्ये खिडकी नाही, फक्त एक्झॉस्ट फॅन आहे. तिथे चालेल असं झाड सांगा. (ठाणे)

उत्तर : असं झाड नाही. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तीन सारख्या कुंड्या घेऊन पाळीपाळीने ठेवायच्या : एक आठवडा बाथरूममध्ये, दोन आठवडे खिडकीशी. स्नेक प्लांट हे सोसतं.

दुसरा मार्ग दिव्याचा. जांभळा 'ग्रो लाइट' घ्यायची गरज नाही. 9 वॅटचा साधा पांढरा एलईडी बल्ब, जो साधारण 900 लुमेन देतो, तो पानांपासून एक फुटावर असेल तर सुमारे 1500 लक्स मिळतात. एक मीटरवर तोच बल्ब दीडशेसुद्धा देत नाही. छतावरच्या दिव्याने झाड का जगत नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. भिंतीवर होल्डर लावून बल्ब झाडाच्या डोक्यावर फूटभर आणा आणि टायमर लावून रोज 12 तास चालू ठेवा. महिन्याला सव्वातीन युनिट वीज जाईल. वायरिंग पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब असावं, तेवढं इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. चोवीस तास दिवा ठेवून फायदा नाही, झाडाला रात्र लागते.

प्रश्न : मनीप्लांट आणला तेव्हा पानं तळहाताएवढी आणि पांढरी-हिरवी होती. सहा महिन्यांत नवी पानं लहान, नुसती हिरवी आणि दोन पानांमध्ये वीतभर अंतर. रोग आहे का? (पुणे)

उत्तर : रोग नाही, उपासमार आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग कमवत नाही, फक्त खातो. उजेड कमी झाला की झाड असा चैनीचा खर्च बंद करतं आणि नवं पान हिरवंच काढतं. पेरांमधलं अंतर वाढतं, कारण वेल उजेडाच्या शोधात धावतो. पानं लहान होण्याला आणखी एक कारण आहे. हा वेल मूळचा पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरचा. तिथे तो झाडाच्या खोडाला धरून वर चढतो, आणि चढताना पानं मोठी होत जातात. शेल्फवरून खाली सोडला की लहान राहतात.

छाटणी करा. शेवटचं चांगलं पांढरं-हिरवं पान जिथे आहे, त्याच्या पुढच्या बाजूला, पेराच्या अर्धा इंच पुढे कापा. त्या पेरातून नवी फांदी फुटेल. कापलेल्या वेलाचे तुकडे करा, प्रत्येकात एक पेर, एक पान आणि पेरापाशी असलेलं छोटं तपकिरी हवाई मूळ. पाण्यात ठेवले की दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटतात. दोन इंचांची झाली की पाच-सहा तुकडे त्याच कुंडीत, मूळ वेलाच्या भोवती लावा. दाट मनीप्लांटचं गुपित हेच आहे. नर्सरीतल्या भरगच्च कुंडीतही एक वेल नसतो, आठ-दहा तुकडे असतात.

कुंडी मात्र खिडकीपासून मीटरभराच्या आत आणावी लागेल. नाहीतर छाटणीनंतर येणारी फूटही हिरवीच येईल. जागा बदलता येत नसेल तर सरळ हिरव्या पानांची जात घ्या. पांढऱ्या पट्ट्यांचा हट्ट कमी उजेडात महागात पडतो.

प्रश्न : दीड वर्षाचा नातू रांगत येऊन पानं तोंडात घालतो. घरात मांजरही आहे. यातली विषारी झाडं कोणती? (कोल्हापूर)

उत्तर : कमी उजेडाची बहुतेक लोकप्रिय झाडं एकाच कुळातली आहेत आणि ते कूळ आपल्या अळूचं. मनीप्लांट, झेडझेड, अॅग्लोनिमा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, डिफेनबाकिया, सगळी त्यातली. कच्च्या अळूने घसा खाजतो, त्याला कारण पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. अळू आपण चिंच-आमसूल घालून नीट शिजवतो. या झाडांची पानं मूल कच्चीच चावतं. तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते, लाळ गळते. जीव जाण्याचे प्रसंग फार दुर्मीळ, पण लहान मुलाच्या घशाला सूज येणं गमतीचं नाही. डिफेनबाकिया या सगळ्यांत जास्त त्रास देतो. तो घरात असेल तर आजच दुसऱ्याला देऊन टाका. स्नेक प्लांट वेगळ्या कुळातलं आहे, पण त्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे मांजराला उलट्या होतात.

मुलाने चावलंच तर तोंडातले तुकडे बोटाने काढा, ओल्या कापडाने तोंड पुसा, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्या. उलटी करवू नका. सूज वाढते आहे, गिळता येत नाही किंवा श्वास घरघरतो असं वाटलं तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि पानाचा तुकडा सोबत न्या.

निर्धोक झाडंही आहेत. स्पायडर प्लांट सगळ्यात सोपं. पावसाळ्यात कोकणात आणि घाटावर रानभाजी म्हणून खातात ती फोडशी याच क्लोरोफायटम वंशातली. सफेद मुसळीसुद्धा त्याच वंशातली, तिच्या शास्त्रीय नावात तर आपलं बोरिवली आहे. मांजरं स्पायडर प्लांटची पानं कुरतडतात, झाड फाटकं दिसतं, पण अपाय होत नाही. त्याला 500 लक्स तरी लागतात. त्याहून अंधार असेल तर पार्लर पाम किंवा अॅस्पिडिस्ट्रा. दुसरं आपल्याकडच्या नर्सरीत क्वचित मिळतं, पण दिसलं तर सोडू नका. कमी उजेडात इतकं सोशिक आणि मुलामांजरांना सुरक्षित झाड दुसरं नाही.

प्रश्न : तुळस हॉलमध्ये ठेवली तर चालेल का? बाल्कनी नाही. (गोरेगाव)

उत्तर : नाही. तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. हॉलमध्ये ती तीन-चार आठवड्यांत पानं टाकते. ऊन येणाऱ्या खिडकीच्या बाहेर, ग्रिलमध्ये नीट बांधून ठेवता आली तरच आणा.

प्रश्न : स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं म्हणून बेडरूममध्ये तीन ठेवली. सासूबाई म्हणतात, झोपायच्या खोलीत झाड नको. कोणाचं खरं? (नागपूर)

उत्तर : दोघींचंही पूर्ण खरं नाही. स्नेक प्लांट पाणी वाचवण्यासाठी पानावरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं आणि तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, आणि तो दिवसाच होतो. रात्री ऑक्सिजन देणारं झाड नाही.

आता सासूबाईंचं. झाडं रात्री श्वासोच्छ्वास करतात हे बरोबर, पण त्याचं प्रमाण नगण्य आहे. माणूस दिवसाला पाऊण ते एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. शेजारी झोपलेल्या एका माणसापुढे तीन कुंड्या म्हणजे काहीच नाहीत. झाडं ठेवा, निर्धास्त झोपा.

हवा शुद्ध होण्याचं म्हणाल, तर त्या दाव्यामागे 1989 चा नासाचा अभ्यास आहे. तो लहान, बंद पेटीत केलेला होता. 2019 साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निघालं असं : दारंखिडक्यांतून जेवढी हवा सहज बदलते, तेवढा परिणाम साधायला एका चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. खिडकी उघडी ठेवणं सोपं.

प्रश्न : बाटलीतला मनीप्लांट आणि लकी बांबू पाहून महापालिकेच्या माणसाने अळ्या दाखवल्या आणि पाणी ओतून टाकायला लावलं. पाणी तर स्वच्छ होतं! (दादर, मुंबई)

उत्तर : स्वच्छ होतं म्हणूनच. डेंग्यूचा एडिस डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गंमत म्हणजे लकी बांबू हा बांबू नाही, आफ्रिकेतला ड्रेसिना आहे, आणि 2001 मध्ये चीनहून लॉस एंजेलिसला गेलेल्या लकी बांबूच्या पाण्याबरोबर एडिस जातीचे डास कॅलिफोर्नियात उतरले होते.

नुसतं पाणी बदलून भागत नाही, इथेच सगळे चुकतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नवं पाणी भरलं की फुटतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवा. सगळं पाणी ओता, मुळं नळाखाली धुवा, बाटली आतून ब्रशने खसाखसा घासा, मग भरा. बाटलीचं तोंड बारीक असून ब्रश जात नसेल तर ती बाटली झाडासाठी वापरू नका. लकी बांबूच्या तळातल्या रंगीत गोट्याही प्रत्येक वेळी बाहेर काढून चोळून धुवायच्या. हे होणार नसेल तर दोन्ही झाडं मातीत लावा, तिथे जास्त चांगली वाढतात. कुंडीखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि एसीच्या पाण्याची बादली, हेही त्याच दिवशी.

प्रश्न : कुंडीतून चिलटांसारख्या काळ्या माश्या उडतात. निंबोळी तेल फवारलं, गेल्या नाहीत. (डोंबिवली)

उत्तर : फवारा उडणाऱ्या माश्यांवर बसतो. अळ्या मातीच्या वरच्या दोन इंचांत असतात आणि ओल्या, कुजक्या पदार्थांवर जगतात. तुम्ही लिहिलं आहे की कुंडीत चहाचा चोथा घालता. दूध-साखरेचा चोथा असेल तर शोध संपला. उन्हातल्या गुलाबाला धुतलेला चोथा चालून जातो. खोलीतल्या कुंडीत तो कुजायलाच आठवडे लागतात आणि तेवढे दिवस माश्यांची चंगळ. अर्धवट कुजलेलं शेणखत आणि सतत ओलं कोकोपीट हीसुद्धा तीच तऱ्हा.

वरची इंचभर माती खरवडून घराबाहेर टाका. त्या जागी धुतलेली जाड रेती भरा. ती लवकर सुकते, माशीला अंडी घालायला ओल मिळत नाही. पाणी वरून न घालता बशीतून द्या : अर्धा तास ठेवून उरलेलं ओतून टाका. कुंडीत पिवळा चिकट सापळा खोचा. माशीची एक पिढी तीन-चार आठवड्यांची असते, त्यामुळे हे सगळं किमान महिनाभर चालू राहिलं पाहिजे. दहा दिवसांत माश्या कमी झाल्या म्हणून सोडलंत की मातीतली पुढची फळी वर येते. फारच असतील तर बीटीआय नावाचं जिवाणूयुक्त औषध मिळतं, तेच जे डासांच्या अळ्यांवर वापरतात. वेष्टनावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून आठवड्याने एकदा, तीनदा द्या.

निंबोळी तेल वाया गेलं असं समजू नका. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके, म्हणजे पिठ्या ढेकूण दिसले की ते कामाचं. लिटरभर कोमट पाण्यात आधी 1-2 मिली भांड्यांचा लिक्विड साबण, मग 5 मिली तेल, आणि हलवत हलवत फवारा. आठवड्याने पुन्हा.

प्रश्न : स्पायडर प्लांट आणि ड्रेसिनाच्या पानांची टोकं तपकिरी होतात. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतो, ते चांगलं ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नेमकं तेच कारण. आरओ यंत्र पाण्यातले क्षार बाजूला काढतं आणि ते सगळे त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात असतात. बोअरच्या पाण्यापेक्षाही ते खारं. क्षार कुंडीत साठतात, कडेला पांढरी पुटं धरतात आणि पानाच्या टोकाला जमून तो भाग जाळतात. ही दोन झाडं फ्लोराइडलाही नाजूक आहेत. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

एसीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, झाडांना ते बिनदिक्कत घाला. पावसाचं त्याहून उत्तम. आत्ता कुंडी मोरीत नेऊन कमी क्षाराच्या पाण्याने एकदा पूर्ण धुवून काढा. कुंडीत माती जितकी, त्याच्या दुप्पट पाणी हळूहळू वरून ओतून खालून वाहू द्या. दोन लिटरच्या कुंडीला चार लिटर. तपकिरी टोकं कात्रीने पानाच्या आकारात कापा, पण तपकिरी कडेची बारीक रेघ राहू द्या. हिरव्यात कापलं की नवी कड पुन्हा सुकते.

खत घालत असाल तर थांबवा. कमी उजेडातल्या झाडाला वर्षातून दोनदा, जून आणि ऑक्टोबरात, 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, एवढं बास. न वापरलेलं खत म्हणजे आणखी क्षार.

प्रश्न : मे महिन्यात महिनाभर गावी जातो. झाडांचं काय करावं? (सोलापूर)

उत्तर : झेडझेड आणि स्नेक प्लांटला निघायच्या आदल्या दिवशी एकदा भरपूर पाणी घाला आणि विसरा. अॅग्लोनिमा आणि मनीप्लांटला तुमच्याकडच्या उन्हाळ्यात महिना निघणार नाही. त्यांची वात करा : सुती नाडी किंवा जाड सुतळी, एक टोक कुंडीच्या भोकातून चार इंच मातीत, दुसरं झाकणाला भोक पाडलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये तळापर्यंत. कॅनची पातळी कुंडीच्या खाली हवी, वर ठेवलात तर सगळं पाणी एका रात्रीत कुंडीत उतरेल. झाकणाचं भोक नाडीपुरतंच ठेवा, डास आत जाऊ नये. चार-पाच दिवस आधी लावून बघा, माती ओलसर राहते का. पडदे पूर्ण ओढून जाऊ नका, आणि कुंड्या पश्चिमेच्या खिडकीपासून लांब सरकवा.